सफरचंदाच्या पारंपरिक वाणांचे बागेतील जतन

सफरचंदाचे जुने वाण ज्या परिसरात रुजले, तिथल्याच बागांमध्ये कलमे करून टिकवण्याची पद्धत. धान्याचे वाण बियाण्यांच्या पेढीत राखता येतात. सफरचंदाला ती सोय नाही. त्याच्या फुलाला दुसऱ्या वाणाचे पराग लागतात, त्यामुळे बीपासून उगवलेले झाड मूळ झाडासारखे निघत नाही. वाण हवा तर झाडच जिवंत ठेवावे लागते.

हिवाळ्यात झाड सुप्त असताना मागच्या हंगामातली पेन्सिलीएवढी जाड काडी कापतात, थंड व ओलसर जागी ठेवतात आणि वसंताच्या तोंडाशी खुंटावर, म्हणजे मुळे धरलेल्या दुसऱ्या रोपावर, तिरका काप घेऊन बसवतात. दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर भिडला पाहिजे. काडी बारीक असेल तर निदान एका बाजूने तरी. मग पट्टी घट्ट बांधून कापावर मेण लावतात.

इंग्लंडमधल्या साउथवेल गावी 1809 मध्ये एका मुलीने पेरलेल्या बीतून ‘ब्रॅम्ली’ हा स्वयंपाकाचा आंबट वाण जन्मला. आजची सगळी ब्रॅम्ली झाडे त्या एकाच झाडाची कलमे. मूळ झाड 1900 च्या वादळात कोसळले, पुन्हा फुटले. पुढे त्याला बुरशीने गाठले. ब्रॅम्लीचे पराग जवळपास निरुपयोगी असतात, म्हणून त्याच्या आसपास त्याच काळात फुलणारे इतर वाण लागतात. एकटे झाड राखून भागत नाही, ते असे.

इंग्लंडमधल्याच केंट परगण्यातील ब्रॉग्डेल येथील राष्ट्रीय संग्रहात सफरचंदाचे दोन हजारांहून अधिक वाण आहेत. संग्रह हा विमा खरा. पण वाणाचा वापर, म्हणजे कोणते फळ सायडरला (सफरचंदाच्या आंबवलेल्या पेयाला), कोणते साठवणीला, हे बागेतच कळते. ‘एम 9’ सारख्या ठेंगण्या खुंटावरच्या व्यापारी बागा काही दशकांतच बदलतात. जोमदार खुंटावरची उंच झाडे कित्येक दशके उभी राहतात, खाली मेंढ्या चरतात आणि पोकळ, कुजक्या खोडांत ‘नोबल चेफर’ हा दुर्मीळ हिरवा भुंगेरा वाढतो. उंच फळझाडांच्या अशा विरळ बागांची जर्मनीतली ‘श्ट्रॉयओब्स्ट’ परंपरा 2021 मध्ये त्या देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली.

खरी डोकेदुखी नावांची. एकाच वाणाला गावोगाव वेगळे नाव, तर एका नावाखाली दोन वाण. देठाचा खळगा, फळाच्या तळाची वाळकी निदले (फुलाच्या पाकळ्यांखालची हिरवी दले), गराचा वास यांवर जाणकार अंदाज बांधतात. हल्ली पानाची डीएनए चाचणीही करतात. मात्र संदर्भसंग्रहात नमुनाच नसेल, तर चाचणीलाही नाव सांगता येत नाही.