वृंदावनी वस्त्र

आसामात सोळाव्या-सतराव्या शतकांत हातमागावर विणले गेलेले, कृष्णलीलांची चित्रे असलेले रेशमी वस्त्र. हे कापड ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले. वृंदावन आहे ते त्यावरच्या चित्रांत.

कोच राजा नरनारायण याचा भाऊ चिलाराय याने बाळकृष्णाच्या लीला कापडावर पाहण्याची इच्छा व्यक्त केली आणि आसामचे वैष्णव संत श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) यांनी बरपेट्याजवळच्या तांतिकुची येथील विणकरांकडून असे वस्त्र विणवून घेतले, असे परंपरा सांगते. त्याची लांबी १२० हात आणि रुंदी ६० हात होती, असेही म्हटले जाते. ते मूळ वस्त्र आज कोठेही नाही. संग्रहालयांत दिसतात ते बहुतेक तुकडे नंतरच्या काळातले आहेत.

शंकरदेवांच्या एकशरण पंथात मूर्तीपेक्षा नामाला आणि ग्रंथाला मान आहे. नामघरात, म्हणजे या पंथाच्या प्रार्थनागृहात, आसनावर पोथी विराजमान असते. ही वस्त्रे अशा पोथीवर किंवा आसनावर पांघरली जात असावीत, असे अभ्यासक मानतात. जिथे मूर्ती मागे ठेवली, तिथे कृष्णाचे रूप भाओना नाटकांत आणि या धाग्यांत प्रकटले, हे विलक्षण आहे.

चित्रे भरतकामाची किंवा छापाची नाहीत. ती विणतानाच उमटलेली आहेत. ताण्या-बाण्याचा एक संच जमीन विणतो, दुसरा त्याच वेळी आकृती उठवतो. त्यामुळे प्रसंग पट्ट्यापट्ट्यांनी पुन्हा पुन्हा येतात. कालियाच्या फण्यांवर नाचणारा कृष्ण, वणवा गिळणारा कृष्ण, आणि बकासुराची चोच दोन्ही हातांनी फाडणारा कृष्ण. हा बकासुर भीमाने मारलेला नव्हे, बगळ्याचे रूप घेऊन आलेला. ब्रिटिश म्युझियममधील वस्त्रात तर शंकरदेवांच्या ‘कालियदमन’ नाटकातील ओळीही विणलेल्या आहेत. अक्षरे मागावर विणायची म्हणजे प्रत्येक वळणासाठी धागे मोजून उचलायचे, आणि तेही रेशमाचे.

ब्रिटिश म्युझियममधील हे वस्त्र १२ पट्टे जोडून झालेले असून नऊ मीटरांहून लांब आहे. ते तिबेटमधील गोबशी येथे सापडले आणि १९०५ मध्ये लंडनच्या संग्रहात आले. बौद्ध मठात ते टांगले जाई. त्यासाठी वरच्या बाजूला चिनी किनखाब जोडलेले आहे. आसामच्या दमट हवेत रेशीम टिकणे कठीण, तिबेटच्या कोरड्या थंडीत ते तगले. पॅरिसच्या गिमे संग्रहालयातही असे वस्त्र आहे. आसामात आजही घरोघरी माग चालतो. ही दुहेरी विणकामाची पद्धत मात्र तिथून लुप्त झाली.