ठिपक्यांचा लंबगोल आणि ‘मिड-सेंच्युरी’ चांदी : पार्श्वभूमी

डेन्मार्कच्या जॉर्ज जेन्सन या चांदीकामाच्या कंपनीच्या वस्तूंवर १९४५ पासून एकच शिक्का उमटतो : ठिपक्यांच्या लंबगोलात नाव. त्याआधी दर काही वर्षांनी शिक्का बदलत असे, त्यामुळे वस्तू उलटी करून पाहिली की तिचा काळ साधारण कळे. १९३३ ते १९४४ चा माल तर ठिपक्यांच्या चौकटीतल्या आद्याक्षरांवरून चटकन ओळखू येतो. संग्राहकांना सर्वांत हवा असलेला काळ मात्र १९४५ नंतरचा, आणि नेमका तिथेच शिक्का मुका होतो. १९५२ साली आखलेला पाण्याचा जग १९५३ साली ठोकला की २००३ साली, हे तो सांगत नाही. स्कॅंडिनेव्हियन चांदीच्या बाजारातले बरेचसे वाद फिरून फिरून याच मुकेपणापाशी येतात.

कोपनहेगनमधली ही कार्यशाळा १९०४ ची. सुरुवातीचा माल द्राक्षांचे घोस, कळ्या, पाने यांनी लगडलेला आणि हातोडीचे ठोके मुद्दाम दिसू देणारा. कस ८२६ किंवा ८३०, म्हणजे हजार भागांत तेवढी शुद्ध चांदी. डॅनिश कायद्याला तेवढा पुरेसा होता. अमेरिकेत मात्र ‘स्टर्लिंग’ म्हणायचे तर ९२५ चा कस हवा. निर्यात वाढली तसा तिसाच्या दशकात हाच कस नेहमीचा झाला. डॅनिश वस्तूवर ‘स्टर्लिंग डेन्मार्क’ ही इंग्रजी अक्षरे कशाला, असे नवखे लोक विचारतात. गिऱ्हाईक इंग्रजी बोलणारे होते म्हणून. १९२० साली एका चित्रकाराने आखलेला नक्षीविरहित जग लोकांना रुचणार नाही म्हणून पाच वर्षे बाजूला ठेवला होता, तो १९२५ मध्ये बाजारात आला. त्यालाही आज ‘मिड-सेंच्युरी’, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्याचा, म्हणणारे भेटतात, हा भाग वेगळा.

९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या आणि न्यूयॉर्कच्या जेन्सन दुकानाचा पुरवठा तुटला. दुकानदार स्वतः डॅनिश. फळ्या रिकाम्या ठेवण्याऐवजी त्याने अमेरिकन कारागिरांचा माल घेतला आणि त्यावर ‘जॉर्ज जेन्सन इन्क. यूएसए’ असा शिक्का मारून विकला. ही चांदी डेन्मार्कमधली नव्हेच. वर्षानुवर्षे ती ‘खोटी जेन्सन’ म्हणून हिणवली गेली. आता तिचेही स्वतंत्र संग्राहक आहेत, आणि त्यातले काही काम खरोखर उत्तम आहे.

गंमत अशी की ‘स्कॅंडिनेव्हियन डिझाइन’ या कल्पनेला बळ देणाऱ्यांत हाच दुकानदार पुढे होता. १९५१ साली त्याच्या सत्तरीनिमित्त उत्तरेकडच्या तरुण डिझायनरांसाठी एक पुरस्कार सुरू झाला, तो १९७० पर्यंत दिला गेला. पहिल्या दोन मानकऱ्यांपैकी एक डॅनिश, दुसरा फिनिश. पुढे १९५४ ते १९५७ या काळात डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या चार देशांच्या वस्तूंचे एक मोठे प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडात फिरले. त्यातही फिनलंड होताच. भूगोल आणि भाषा पाहिली तर फिनलंड स्कॅंडिनेव्हियात बसत नाही, पण अमेरिकन गिऱ्हाइकाला चार देश वेगवेगळे समजावण्यापेक्षा एक नाव विकणे सोपे होते. ते नाव चिकटले ते चिकटलेच.

चांदीपुरते बोलायचे तर या काळाचा चेहरा म्हणजे हेनिंग कॉपेल. शिक्षणाने शिल्पकार, ज्यू, १९४३ मध्ये स्वीडनला निसटलेला. युद्ध संपल्यावर परतला आणि जेन्सनसाठी काम करू लागला. त्याचा १९५२ चा जग, क्रमांक ९९२, आणि १९५४ चे झाकणाचे मासळीचे ताट यांवर एकही पान नाही, फूल नाही, मणी नाही. नुसता फुगवटा आणि बाक. तो आधी मातीत आकार घडवी. मग कारागीर चांदीचा सपाट पत्रा ठोकत, मध्ये मध्ये तापवून मऊ करत, तो आकार उठवत. पुण्याच्या तांबट आळीतले मठारकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातली मेहनत वेगळी सांगायला नको. फरक एवढाच की मठारलेल्या हंड्यावर ठोके हीच शोभा असते, जुन्या जेन्सनवरही ती असे. कॉपेलच्या जगावर शेवटचा ठोकासुद्धा घासून नाहीसा करावा लागतो. पत्र्यात जराशी लाट राहिली तरी प्रकाश तिथे अडखळतो आणि चूक उघडी पडते. नक्षी असती तर झाकली गेली असती.

आता वादाकडे. ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ हा शब्द अमेरिकेत रुळला तो १९८४ च्या एका फर्निचरवरच्या पुस्तकानंतर. फर्निचरला तो बरा शोभतो, कारण बऱ्याच खुर्च्यांचे उत्पादन थांबले आणि जुनी खुर्ची जुनीच राहिली. चांदीत तसे झाले नाही. जग क्रमांक ९९२ आजही बनतो. तीच आखणी पोलादातही मिळते. उत्पादकाची बाजू अशी की आखणी तीच, हात तसेच, शिक्का तोच, तेव्हा प्रत्येक नग अस्सल. हे खोटे नाही. पण विक्रेता यादीत ‘१९५२’ लिहितो तेव्हा तो आखणीचे वर्ष लिहितो, आणि घेणारा ते वस्तूचे वर्ष म्हणून वाचतो. ही गल्लत कोणी मुद्दाम करत असेल-नसेल, तिचा फायदा नेहमी एकाच बाजूला जातो.

वर्ष कोरणे अवघड होते असेही नाही. कोपनहेगनच्या जुन्या चांदीवर तीन बुरुजांच्या शिक्क्यात वर्षाचे आकडे असत. स्वीडनमध्ये तर वर्षाचे अक्षर कायद्यानेच येई : ‘ए’ आणि नऊ म्हणजे १९५१, ‘बी’ आणि नऊ म्हणजे १९५२. लुंड किंवा स्टॉकहोमच्या कारागिराची डबी घ्या, तिचा जन्म तळाशी लिहिलेला असतो. जेन्सनचा एखादा नग लंडनमार्गे गेला असेल तर त्यावरही आयातीचा ब्रिटिश शिक्का आणि वर्षाचे अक्षर सापडते; असे नग जाणकार आधी उचलतात. इतका स्पष्ट जन्मदाखला असूनही स्वीडिश चांदी डॅनिश नावाखाली झाकोळली गेली, हे मला कधीच पटलेले नाही.

आपल्या वाचकाला आणखी एक शब्द फसवतो. स्वीडिश आणि नॉर्वेजियन काट्या-चमच्यांवरचे ‘नायसिल्वर’ किंवा ‘अल्पाका’ म्हणजे चांदी नव्हे. तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, वर बहुधा मुलामा. इंग्रजीत त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. आपल्याकडे ‘जर्मनचे पातेले’ म्हणजे ॲल्युमिनियमचे, त्यामुळे गोंधळ दुहेरी. डेन्मार्कमध्ये तीन बुरूज म्हणजे चांदी आणि दोन बुरूज म्हणजे मुलामा. एक बुरूज मोजायचा राहिला की पैसे गेले.

जानेवारी १९८० मध्ये टेक्सासच्या दोघा भावांच्या साठेबाजीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ पोहोचली आणि जगभर घराघरांतली भांडी मोडीत निघाली. मोडीला घडणावळ मिळत नाही, हे सराफाच्या पायरीवर उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कॉपेलच्या जगासारख्या वस्तूत घडणावळ हाच ऐवज असल्याने तिला धोका कमी. साधे काटे-चमचे आणि अनामिक कारागिरांच्या डब्या मात्र वजनावर जातात. पुढे इंटरनेटवरच्या लिलावांमुळे कोपनहेगनच्या जुन्या बाजारातला माल घरबसल्या दिसू लागला आणि पारखायला फोटोतला तळाचा शिक्काच उरला. २०२३ मध्ये जेन्सन कंपनी एका फिनिश उद्योगाने विकत घेतली. ‘स्कॅंडिनेव्हियन’ नावात फिनलंड बसतो का, ही चर्चा निदान मालकीपुरती मिटली. ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने १९८० चा उच्चांक ओलांडला. अशा वेळी विकायला येणाऱ्या काट्या-चमच्यांच्या संचांत सुऱ्या बाजूला काढून वजन केले जाते, कारण त्यांची पाती पोलादाची आणि मुठी बहुधा पोकळ असतात.