विचेंझाची बॅसिलिका: दुरुस्तीतून उभी राहिलेली इमारत

बॅसिलिका म्हटलं की आपल्याला जुन्या गोव्यातलं बॉम जीझसचं चर्च आठवतं. उत्तर इटलीतल्या विचेंझा शहराच्या भर चौकातल्या बॅसिलिकेत मात्र देवाधर्माचं काही नव्हतं. खाली दुकानं आणि वर न्यायनिवाडा व नगरसभेचं दालन, अशी ही कचेरी होती. प्राचीन रोमन लोक अशा सार्वजनिक सभागृहाला बॅसिलिका म्हणत, म्हणून तिला आजचं रूप देणाऱ्या वास्तुकार आंद्रेआ पालादिओने १५७० साली छापलेल्या आपल्या ग्रंथात तिला ते नाव दिलं. तिचं मूळ नाव ‘पालात्सो देल्ला राजोने’, म्हणजे न्यायवाडा.

१४०४ मध्ये विचेंझा व्हेनिसच्या सत्तेखाली गेलं आणि १७९७ पर्यंत तिथेच राहिलं. चौकातल्या उंच खांबावरचा पंखवाला सिंह ही त्या सत्तेची खूण. पंधराव्या शतकाच्या मध्याला इथल्या जुन्या सरकारी इमारती एकत्र बांधून वर एकच प्रचंड दालन उभारलं गेलं. त्याचं छप्पर उलट्या ठेवलेल्या जहाजासारखं, वर तांब्याचा पत्रा. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ इथेच आहे. जुन्या इमारतींमधून जाणाऱ्या गल्ल्या तशाच ठेवाव्या लागल्या, त्यामुळे तळमजल्यावर एक खण (दोन खांबांमधली जागा) रुंद तर दुसरा अरुंद झाला.

१४८१ पासून तोमाझो फोर्मेंतोनने या वाड्याभोवती दुमजली कमानींचा सज्जा बांधला. तो १४९४ मध्ये पुरा झाला आणि दोनच वर्षांत, १४९६ मध्ये, त्याचा नैर्ऋत्य कोपरा कोसळला. कमान नुसतं ओझं पेलत नाही, ती बाजूलाही रेटते. मधल्या खांबावर डावीउजवीकडचे रेटे एकमेकांना तोलतात. कोपऱ्यावर पलीकडे तोलायला काहीच नसतं, म्हणून कमानींच्या रांगेत सगळ्यात आधी तिथे बळकटी लागते.

पुढची पन्नास वर्षं सल्लामसलतीत गेली. सान्सोविनो, सेर्लिओ, सान्मिकेली, जुलिओ रोमानो असे नावाजलेले वास्तुकार बोलावले गेले, पण काम गावातल्याच, दगड घडवता घडवता वर आलेल्या पालादिओकडे आलं. १५४६ मध्ये त्याने आराखडा मांडला आणि एका खणाचा पूर्ण आकाराचा लाकडी नमुना उभा करून दाखवला. मंजुरी १५४९ मध्ये मिळाली. पगार महिना पाच दुकात, म्हणजे तेव्हाची व्हेनिसची नाणी.

त्याची युक्ती नीट समजून घ्यायला हवी. प्रत्येक खणात मधोमध एक कमान आणि तिच्या दोन्ही अंगांना उभ्या चौकोनी फटी, अशी ‘सर्लियाना’ नावाची रचना त्याने वापरली. मधल्या कमानी सारख्या ठेवल्या आणि खणांच्या रुंदीतला सगळा फरक बाजूच्या फटींमध्ये जिरवला. खण रुंद असेल तिथे फट मोठी, अरुंद असेल तिथे लहान. नजर कमानींच्या लयीत अडकते आणि फटींचा कमीजास्तपणा तिला टोचत नाही. शेवटचे खण अरुंद, म्हणून तिथल्या फटी आक्रसलेल्या. त्यामुळे कोपऱ्यावर दगड जास्त येतो, आणि नेमका तिथेच तो हवा होता. दिसण्याचा आणि टिकण्याचा असे दोन्ही प्रश्न एकाच मापाने सुटले. स्थापत्यातली इतकी नेटकी दुरुस्ती क्वचितच पाहायला मिळते.

काम मात्र रेंगाळलं. खालचा मजला १५६१ मध्ये झाला. वरचा चालू असताना, १५८० मध्ये, पालादिओ गेला. सगळं पुरं व्हायला १६१४ साल उजाडलं. १८ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात छप्पर जळून खाली आलं. युद्धानंतर ते पुन्हा बांधलं. शेवटची मोठी डागडुजी २००७ ते २०१२ अशी चालली.

रेल्वे स्टेशनपासून इथे पंधरा मिनिटांत पायी पोहोचता येतं. खालच्या कमानींखाली फिरायला तिकीट लागत नाही. वरचं दालन बरेचदा प्रदर्शनाच्या वेळीच उघडतं, म्हणून आधी चौकशी करून जावं. पियात्सा देई सिन्योरी या मुख्य चौकाकडची बाजू उत्तरेला आहे. तिथे नऊ खण आहेत, पण ऊन फारसं पडत नाही. फोटोसाठी दुपारनंतर पश्चिमेची पाच खणांची बाजू गाठावी. पालादिओचा पुतळाही तिकडेच आहे. कमानींतून आत डोकावलं की मागच्या जुन्या भिंतीवर लाल आणि फिकट पिवळ्या संगमरवराची शंकरपाळ्यांसारखी नक्षी दिसते. तो मूळचा वाडा. दक्षिणेला जमीन उतरते, म्हणून पियात्सा देल्ले एर्बेकडून, म्हणजे जुन्या भाजीबाजाराकडून, इमारत आणखी एका मजल्याने उंच दिसते.

उतरताना नैर्ऋत्य कोपऱ्यापाशी थांबा. शेवटच्या कमानीशेजारची फट आणि चार खण अलीकडची फट पावलांनी मोजा.