तारेतून आवाज जात नाही

आत्याने कीबोर्डची काळी चार दाबली आणि कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर तीन आकडे उमटले. १४४, ६८, ५७. तिने बोट उचललं तेव्हा आणखी तीन आले. १४४, ६८, ०.

"आणि आवाज कुठंय?" तिने विचारलं.

आवाज नव्हताच. कीबोर्डचा व्हॉल्यूम आम्ही शून्यावर ठेवला होता. पंचवटीतल्या तिच्या घराच्या माळ्यावर हा कीबोर्ड जुन्या साडीत गुंडाळून पंचवीसेक वर्षं पडून होता. तिच्या मुलाला शाळेत असताना घेऊन दिलेला, ६१ पट्ट्यांचा. आत्या भजनी मंडळात पेटी वाजवते, तिला गेल्या चाळीस वर्षांतल्या चाली घरच्या घरी रेकॉर्ड करून ठेवायच्या होत्या. कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडायचा म्हणजे त्याचा आवाज तारेतून कॉम्प्युटरमध्ये न्यायचा, असं तिला वाटत होतं. बहुतेकांना तसंच वाटतं. पण जुन्या कीबोर्डच्या मागे पाच छिद्रांची दोन गोल सॉकेट असतील, तर त्या तारेतून जाते ती फक्त बोटांची हकिकत. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, एवढंच.

त्या तीन आकड्यांत पहिला १४४ म्हणजे 'पहिल्या चॅनेलवर पट्टी दाबली गेली'; चॅनेल म्हणजे एकाच तारेतली संदेशांची वेगळी वाट. दुसरा आकडा पट्टीचा. मधल्या सप्तकातली पांढरी एक म्हणजे ६०, काळी एक ६१, आणि असं मोजत गेलं की काळी चार येते ६८. तिसरा आकडा जोराचा, १ ते १२७ मधला. जोर शून्य आला की पट्टी सुटली असं समजायचं. ही भाषा म्हणजेच मिडी.

नाशिकच्या गाणाऱ्या लोकांना ही कल्पना परकी वाटू नये. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वतःची स्वरलेखन पद्धत तयार केली होती, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात ते याच पंचवटीत आश्रम काढून राहिले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ सालचा, नाशिकचाच. वडिलांनी कागदावर लिहून ठेवले ते स्वर. मुलाच्या ध्वनिमुद्रिकांवर उरला तो गळा. मिडी आणि ऑडिओ यांच्यात नेमका एवढाच फरक आहे. मिडी म्हणजे स्वरलिपी, फक्त ती बोटं चालत असतानाच लिहिली जाते आणि त्यात प्रत्येक स्वराची वेळ व जोरही टिपला जातो.

ही भाषा ठरली कशी, तेही सांगण्यासारखं आहे. १९८० च्या सुमारास प्रत्येक कंपनीच्या सिंथेसायझरची जोडणी निराळी होती, एकाची तार दुसऱ्याला चालत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी सगळ्यांना चालेल अशा एकाच भाषेसाठी प्रयत्न सुरू केले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६ एका तारेने जोडले गेले, आणि एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. त्याच वर्षी नियमावली प्रसिद्ध झाली. वापरायला कुणालाही पैसे पडणार नव्हते. २०१३ साली दोघांना त्यासाठी टेक्निकल ग्रॅमी मिळालं. आत्याच्या माळ्यावरचा कीबोर्ड आजच्या लॅपटॉपशी बोलू शकतो, त्याचं कारण हा मोकळेपणा आहे.

पट्टी किती जोरात दाबली हे कीबोर्डला कळतं कसं? मी तो उघडला तेव्हा आत्याही शेजारी बसून बघत होती. प्रत्येक पट्टीच्या खाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत काळे कार्बनचे दोन ठिपके. पट्टी खाली जाताना एक ठिपका सर्किटला आधी टेकतो, दुसरा क्षणभराने. जोर मोजणारं असं वेगळं काही नसतंच. या दोन टेकण्यांमधला वेळ मोजला जातो. वेळ कमी म्हणजे बोट वेगात आलं, आणि वेगात आलं म्हणजे जोरात वाजवलं. अगदी स्वस्त कीबोर्डात एकच ठिपका असतो. तिथे हळू दाबा की जोरात, आकडा एकच येतो. आपला कीबोर्ड कोणत्या जातीचा आहे, हे कान लावून सहज कळतं.

आमच्या कीबोर्डची मधली पांढरी तीन मुकी झाली होती. टोपी उलटी केली तर कार्बनवर धुळीचा पातळ थर. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कानाची कापूसकाडी बुडवून मी ठिपके आणि समोरच्या सर्किटवरच्या पट्ट्या हलक्या हाताने पुसल्या, वाळू दिल्या. बरंच काही निघालं. पट्टी बोलू लागली. इथे घासायचं मात्र अजिबात नाही, कार्बनचा थर निघून गेला तर तो परत येत नाही.

त्याआधी अडॅप्टरचं बघायला हवं, कारण इथे चूक झाली तर पुढचं सगळंच खुंटतं. मूळ अडॅप्टर हरवलेला असतो, म्हणून घरातला कुठलाही लावून बघण्याचा मोह होतो. कॅसिओच्या जुन्या कीबोर्डांना बहुधा ९ व्होल्ट लागतात आणि पिनचा मधला भाग ऋण असतो; यामाहाच्या कीबोर्डांना बहुधा १२ व्होल्ट आणि मधला भाग धन. सॉकेटशेजारी छोटं चिन्ह छापलेलं असतं, भिंग घेऊन वाचा पण वाचा.

आता तार. पाच पिनांपैकी मिडी वापरते फक्त तीन. दोनांतून प्रवाह, तिसरी आवरणाची. सेकंदाला ३१,२५० बिट हा तिचा वेग आजच्या मानाने फारच कमी वाटतो, पण हिशेब करून बघा. एका आकड्याला सुरुवातीचा व शेवटचा बिट धरून १० बिट, म्हणजे तीन आकड्यांना ३०. पट्टी दाबल्याची बातमी पोचायला एक मिलिसेकंदही लागत नाही. बोटांना यापेक्षा घाई नसते.

मला या तारेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती तिच्या दुसऱ्या टोकाला आहे. येणारा प्रवाह थेट कॉम्प्युटरच्या सर्किटला भिडत नाही. तो आधी एक इवलासा दिवा लावतो, आणि समोरचा प्रकाश ओळखणारा घटक त्या लुकलुकण्यातून बिट वाचतो. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये तांब्याचा सलग रस्ताच राहत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पीएलसीच्या, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, पॅनेलवर काम करणाऱ्यांना हा ऑप्टोकपलर रोजच्या ओळखीचा आहे. तिथे तो मोटारींच्या गोंगाटापासून कंट्रोलरला वाचवतो, इथे विजेची घरघर आवाजात शिरू देत नाही.

म्हणूनच यूएसबीवाली मिडी केबल घेताना फार स्वस्तात जाऊ नये. मी पहिल्यांदा आणलेल्या केबलने दोन दिवस छळलं. भराभर वाजवलं की मधलाच एखादा संदेश गळायचा, आणि गळालेला संदेश 'पट्टी सुटली' हा असला की स्वर लागून राहायचा तो थांबायचाच नाही. आत्याला वाटलं, तिचंच बोट चुकतंय. असा स्वर अडकला तर सॉफ्टवेअरमध्ये पॅनिक नावाचं बटण असतं, ते सगळे स्वर सोडायला सांगतं. दुसरी, जराशी महाग केबल आणली आणि प्रश्न संपला. जोडताना आणखी एक घोळ होतो. कीबोर्डच्या 'आउट' सॉकेटमधून निघालेलं केबलच्या 'इन'मध्ये जायला हवं. काही केबलींवर नावं उलट्या अर्थाने छापलेली असतात, तेव्हा काहीच येत नसेल तर आधी दोन्ही पिना अदलाबदल करून बघाव्यात.

कीबोर्डला यूएसबीचं चौकोनी सॉकेट असेल तर साधी प्रिंटरची केबल चालते. यामाहाच्या काही मधल्या काळातल्या कीबोर्डांना 'टू होस्ट' नावाचं आठ पिनांचं गोल सॉकेट आहे. त्याच कीबोर्डाला मिडीची सॉकेटं असतील तर शेजारचा छोटा स्विच मिडीवर सरकवून तीच वापरावीत.

आणि यातलं काहीच नसेल, नुसतं हेडफोनचं भोक असेल, तर? मग आवाजच न्यायचा, बोटं नेता येणार नाहीत. तोही रस्ता चांगला आहे, विशेषतः कीबोर्डचा जुना आवाजच तुम्हाला प्रिय असेल तर. कॉम्प्युटर सेकंदाला ४४,१०० वेळा त्या लहरीची उंची मोजतो आणि प्रत्येक वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एक आकडा लिहितो. स्टिरिओत मिनिटाला दहा मेगाबाइटच्या वर जागा जाते. भजनाच्या साथीची पूर्ण मिडी फाइल काही किलोबाइटांत मावते. लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटला मात्र हेडफोनचा आवाज थेट देऊ नका. ते सॉकेट काही मिलिव्होल्टसाठी बनवलेलं असतं, त्यावर व्होल्टभराचा संकेत आदळला की लहरीचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. लाइन-इन, म्हणजे अशा मोठ्या संकेतासाठीचं सॉकेट, असलेला एखादा छोटा ऑडिओ इंटरफेस (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारी डबी) मध्ये घ्यावा.

याच रस्त्यावर घरघर भेटते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ म्हणजे खर्जातल्या पांढरी पाचच्या किंचित वरचा स्वर. सतत बेसूर वाजणारा तानपुराच तो! लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घरघर थांबली तर दोष अर्थिंगच्या दोन वाटांमध्ये आहे हे समजलं. दोन्ही यंत्रं एकाच बोर्डवर लावली तरी पुष्कळदा फरक पडतो. चार्जरची अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, ती पिन जिवासाठी आहे.

पुन्हा आत्याकडे. तिचा पहिला आक्षेप असा होता, "मी दाबते आणि तो मागून बोलतो." कान तयार आहेत, लगेच कळतं. कॉम्प्युटर आवाज एकेक ठिपक्याने सोडत नाही, थोडा साठवतो आणि मग सोडतो. या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० ठिपके, तेव्हा १०२४ ठिपक्यांचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद. ध्वनी तेवढ्या वेळात हवेतून आठ मीटर जातो, म्हणजे काळारामाच्या सभामंडपात आठ मीटर लांब बसलेल्या टाळकऱ्याच्या भरवशावर ठेका धरायचा. बफर १२८ वर आणला की उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत, एका मीटरइतका. इतर उशीर त्यात मिळतातच, पण हात अडखळत नाहीत. बफर फार लहान केला आणि कॉम्प्युटर जुना असला की आवाज तडतडतो. मग २५६ बघायचा. विंडोजवर एवढ्या लहान बफरसाठी एसिओ ड्रायव्हर, म्हणजे उशीर कमी करणारं जोडसॉफ्टवेअर, लागतो, मॅकवर लागत नाही. सॉफ्टवेअर निवडताना एवढं ध्यानात ठेवा, की ऑडॅसिटी आवाज छान रेकॉर्ड करतं पण मिडी रेकॉर्ड करत नाही. त्यासाठी रीपर, किंवा मॅकवर गॅरेजबँड.

मिडीला जमत नाही ते मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्यात, उघडं पडतं. पट्ट्या बारा, त्यांच्या मधली जागा या भाषेत मुळात नाही. पेटीवरही हाच आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती काही दशकं टिकली. मिडीत पिच बेंडचं चाक आहे, त्याला १६,३८४ पायऱ्या आहेत, म्हणजे बारीकपणा भरपूर. पण ते चाक चॅनेलवरचे सगळेच स्वर एकदम सरकवतं. एका हाताने षड्ज धरून दुसऱ्याने गंधार हलवायचा म्हटलं की षड्जही हलतो. प्रत्येक स्वराला वेगळा चॅनेल देण्याची पद्धत नंतर आली, जुन्या कीबोर्डला ती येत नाही. म्हणून ख्यालाची साथ यावर होणार नाही. भजनाची होते, आणि चांगली होते.

आठवडाभर दुपारच्या वेळी आत्याने अकरा चाली वाजवल्या. त्या वेळात स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या झाल्या, खाली भाजीवाला ओरडून गेला, दोनदा फोन वाजला. फाइलमध्ये यातलं काहीच नाही, कारण तार ऐकत नाही. कीबोर्डचा स्वतःचा पेटीचा आवाज प्लास्टिकसारखा होता, पण त्याचा संबंधच उरला नाही. खऱ्या पेटीचे स्वर एकेक करून टिपलेली लायब्ररी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि तिच्या बोटांनी ती वाजली.

गाणं राहिलं होतं. गळ्यासाठी मिडी नाही, तिथे माइकच. त्यासाठी आम्ही रात्री दहानंतर, पंखा बंद करून, गाद्या भिंतीला उभ्या करून बसलो. साथ सुरू केली आणि आत्या दुसऱ्याच ओळीला थांबली. सगळ्या चाली तिने सवयीने काळी चारमध्ये वाजवल्या होत्या, तिच्या तरुणपणीच्या पट्टीत. आता तार सप्तकातला मध्यम लागेना.

"आता अकराच्या अकरा परत वाजवायच्या?"

"नाही. कुठे गाशील?"

तिने डोळे मिटून षड्ज लावून पाहिला. "काळी तीन."

काळी चार म्हणजे ६८, काळी तीन ६६. मी सगळी फाइल निवडली आणि प्रत्येक पट्टीच्या आकड्यातून दोन वजा केले.