गाठीतल्या साखरेचे वाटेकरी

सोलापुरात घरात कुणाला कॅन्सर निघाला की भेटायला येणाऱ्यांचा सल्ला ठरलेला: साखर बंद करा, कॅन्सर साखरेवरच जगतो. मग चहा बिनसाखरेचा होतो, गूळ जातो, काही घरांत दोन भाकऱ्यांची एक होते. या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही आणि पेशंट हकनाक खंगतो.

ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी ऑक्सिजन भरपूर असतानाही ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, पूर्ण जाळत नाहीत. अर्धवट मोडून त्याचं लॅक्टिक आम्ल करतात. यात ऊर्जा फार कमी मिळते, एका ग्लुकोजमागे एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचे, दोनच रेणू. त्यामुळे ग्लुकोज सारखं ओढावं लागतं; पण नव्या पेशी बांधायचा कच्चा माल त्यातूनच निघतो. शरीरात कॅन्सर कुठे आहे हे दाखवणारा पेट स्कॅन (PET) याच भुकेवर चालतो. किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. पेशी ते आत घेते, त्यावर फॉस्फेट चढवते, पण पुढे ते तिला मोडता येत नाही. ते आतच अडकतं आणि पडद्यावर ती जागा उजळते. मेंदूही उजळतो, कारण तोही मुख्यतः ग्लुकोजवर चालतो.

आता दुसरी बाजू. कॅन्सरवर चालून जाणारी टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची एक पांढरी पेशी, एकदा जागी झाली की तीही याच पद्धतीने ग्लुकोज वापरते. म्हणजे मारेकरी आणि मरणारा, दोघांची भूक एकच! २०१५ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की गाठीने ग्लुकोज पळवलं की टी-पेशींचं इंटरफेरॉन-गॅमा हे लढाईचं रसायन घटतं आणि त्या ढिल्या पडतात. वर लॅक्टिक आम्लाने आजूबाजूचा भाग आम्लधर्मी होतो, तेही त्यांना सोसत नाही. उलट प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी हेच लॅक्टेट इंधन म्हणून वापरतात. गाठीचा दुहेरी फायदा.

२०२१ मध्ये चित्र आणखी गुंतलं. उंदरांच्या गाठींत दर पेशीच्या हिशेबाने सर्वाधिक ग्लुकोज मॅक्रोफेजसारख्या प्रतिकारशक्तीच्याच पेशी खातात आणि कॅन्सरपेशींचा ओढा ग्लुटामिन या अमिनो आम्लाकडे जास्त असतो, असं आढळलं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण ‘कॅन्सर म्हणजे साखर’ हे समीकरणच त्याने सैल केलं.

पेशंटने साखर सोडली, जेवण कमी केलं तरी रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते तयार करतं आणि त्यासाठी स्नायूंतली प्रथिनं मोडतात. वजन उतरतं, गाठ मात्र आपला वाटा घेतच राहते. रक्तातली साखर कमी करणारं मधुमेहाचं औषध मेटफॉर्मिनसुद्धा मधुमेह नसलेल्या स्तनकॅन्सरच्या रुग्णांत उपयोगी पडलं नाही, हे २०२२ च्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं.

मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवायलाच हवी, ते डॉक्टर सांगतील तसं. पण बार्शीला तोंडाच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) घेणाऱ्या माणसाला आधीच गिळवत नाही. त्याला ज्वारीची आंबील, दूध, मऊ शिजवलेलं अंडं, शेंगदाण्याचं बारीक कूट घातलेली पातळ, बिनतिखट आमटी, जे जाईल ते द्या आणि दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. वजन उतरू लागलं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा.