जुन्या जीपचं क्राउन-पिनियन: ५.३८ आला कुठून?

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तेव्हापासून नागपुरात जुनी जीप किंवा ॲम्बेसेडर जपणाऱ्यांना एक प्रश्न पडतोच: टॉपमध्ये गाडी सत्तर-ऐंशीला गेली की इंजिन ओरडतं, मग मागचं क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी, बदलून टाकायचं का?

या गाड्यांचा टॉप गिअर थेट असतो. इंजिनाचा एक फेरा म्हणजे प्रोपेलर शाफ्टचाही (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याचाही) एकच फेरा. त्यामुळे टॉपमध्ये गाडी ओढणार की पळणार, हे एकटं डिफरन्शियल, म्हणजे त्यातली क्राउन-पिनियनची जोडी, ठरवतं. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये पिनियनला ११ आणि क्राउनला ४० दात होते, म्हणजे रेशो ३.६४: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.६४ फेरे. हा आकडा मोठा तितकी ओढ जास्त, पळ कमी. चढणीच्या मुलखासाठी १० आणि ४० दातांची जोडीही मिळायची.

ब्रिटनमध्ये कराची भर पडली. १९२१ पासून गाडीवरचा कर अश्वशक्तीवर बसू लागला, आणि ती मोजायची ती सिलिंडरच्या व्यासावरून, म्हणजे बोअरवरून. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली धावेची लांबी, हिशेबातच नव्हता. साहजिकच कंपन्यांनी बोअर अरुंद आणि स्ट्रोक लांब ठेवला. इंजिन लहान, त्यात पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर अलगद पडू देणारी रचना) नाही. वारंवार गिअर बदलावा लागू नये म्हणून मागचा रेशो जड, म्हणजे मोठ्या आकड्याचा. १९४८ मध्ये ही कररचना गेली, वळण मात्र मागे राहिलं. ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाचा बोअर ७३ आणि स्ट्रोक ८९ मिलिमीटर आहे.

जीपची गोष्ट तर अगदी स्पष्ट आहे. युद्धातल्या विलीस एमबीचा रेशो ४.८८ होता: ८ आणि ३९ दात. युद्ध संपल्यावर तीच गाडी शेतकऱ्याला विकायची ठरली. नांगर आणि ट्रेलर ओढायचा, म्हणून सीजे-२एमध्ये ८ आणि ४३ दात आले, रेशो ५.३८ झाला. महिंद्राची सीजे-३बी याच घराण्यातली.

आता हिशेब करू. ६.००-१६ टायरवर ५.३८ असेल तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन सुमारे ३२५० फेरे घेतं. स्ट्रोक १११ मिलिमीटर असल्याने पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटरपर्यंत जातो. नागपूरच्या मे महिन्यात तासभर असं चालवणं म्हणजे इंजिनावर अन्यायच. ४.८८ टाकलं तर फेरे साधारण २९५० वर येतात. गाडी मुख्यतः सपाट हायवेवर फिरत असेल, तर माझं मत ४.८८ च्या बाजूने. चार माणसं आणि सामान घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल, तर मूळ जोडीला हात लावू नये.

फोर-व्हील जीपमध्ये पुढचा आणि मागचा रेशो सारखाच हवा. नाहीतर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) आणि शाफ्ट एकमेकांशी झुंजतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून कबाडीतून एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन उचलू नका. बसवताना दातांना निळा रंग लावून ठसा दातांच्या मध्यावर पडतोय का ते बघा, बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजा, आणि स्पीडोमीटरचा गिअरही त्याच वेळी बदलून घ्या.