इश्यू असाइनमेंट (ओपन सोर्समधलं कामवाटप)

ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, कामांची एक उघडी यादी असते, बग, नवीन फीचर, डॉक्युमेंटेशनमधल्या चुका असं सगळं त्यात. त्यातलं एकेक काम म्हणजे एक इश्यू, आणि कुठलं काम सध्या कोण करतंय ते नावानिशी लावून ठेवणं म्हणजे इश्यू असाइनमेंट. वाचायला सोपं वाटतं. गोची अशी की काम करणारे बहुतेक सगळे हौसेनं, फुकट करतायत. सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम सांगतो आज ह्या मागावर तू, आणि पगार त्यावर असतो म्हणून त्याच्या सांगण्याला वजन आहे. इथं मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा माणूस, कुणाला हुकूम सोडू शकत नाही. त्यामुळं असाइन होणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल समजा, सोलापूर स्टँडवर पंढरपूरची गाडी लागताना ज्यानं बघितलंय त्याला जास्त सांगायला नको. रुमालवाला येऊन बसला तर ठीक, नाहीतर सीट रिकामी आणि बाकीचे उभे.

ह्या रोगाला इंग्रजीत कुकी लिकिंग म्हणतात, म्हणजे बिस्कीट चाटून ठेवायचं, खायचं नाही, पण दुसऱ्यालाही खाता येत नाही. आपल्याकडं त्याला उष्टं करून ठेवणं म्हणतात, वेगळा शब्द कशाला पाहिजे.

गिटहबवर (असे प्रोजेक्ट जिथं ठेवतात ती साइट, सुरुवात २००८) बाहेरच्या माणसाला दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधला इश्यू स्वतःच्या नावावर करता येत नाही, तो हक्क राईट (कोड बदलायची) किंवा ट्रायज परवानगी असलेल्यांकडं असतो. ट्रायज हा रोल २०१९ मध्ये आला, त्यात कोडला हात न लावता लेबल लावणं, असाइन करणं एवढंच जमतं. म्हणून मग गुड फर्स्ट इश्यू (नवख्यांना जमेल असं काम) हे लेबल लागलं रे लागलं की खाली "सर प्लीज असाइन मी" अशा कमेंटची रांग लागते, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या अनेकांनी इश्यू पूर्ण वाचलेलासुद्धा नसतो. एका इश्यूला १० जणांपर्यंत असाइन करता येतं पण दोघांच्या वर नावं लावली की कुणीच करत नाही, हे आमचं मत.

ह्यावर प्रत्येक प्रोजेक्टनं आपापला तोडगा काढलाय. पांडासमध्ये इश्यूखाली नुसतं टेक असं लिहिलं की ऑटोमॅटिक तुमच्या नावावर होतो, रस्टमध्ये बॉटला क्लेम म्हणून सांगायचं, कुबरनेटिसमध्ये स्लॅश असाइन. जँगोची तिकिटं (तिथले इश्यू) अजून गिटहबवर नाहीत, ट्रॅक (Trac) नावाच्या वेगळ्या सिस्टिमवर आहेत, तिथं स्वतःच क्लेम करता येतं आणि क्लेम केलेल्या तिकिटावर बरेच आठवडे काही हललं नाही तर दुसऱ्यानं ते घ्यायला हरकत नसते. लिनक्स कर्नलमध्ये तर असाइनमेंटची भानगडच फारशी नाही, पॅच (कोडमधला बदल) तयार करा, मेंटेनर्स नावाच्या फाईलमध्ये त्या भागाचा माणूस शोधा आणि पाठवा. काही छोटे प्रोजेक्ट हेच करतात, कुणालाच असाइन नाही, ज्याचा चांगला पुल रिक्वेस्ट (माझा बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) येईल त्याचा बघू. ह्यात दोघांची मेहनत डबल होऊन एकाची वाया जायची भीती राहते, पण अडवून ठेवणं बंद होतं.

सोलापुरातली पोरं ह्यात शिरतात ती बऱ्याचदा ऑक्टोबरात, हॅक्टोबरफेस्टमुळं. डिजिटलओशन ह्या क्लाउड कंपनीचा, लोकांनी ऑक्टोबरात ओपन सोर्सला हातभार लावावा म्हणून असलेला हा उपक्रम २०१४ पासून चालू आहे, आणि २०२० मध्ये टी-शर्टसाठी इतके फालतू पुल रिक्वेस्ट पडले की महिना चालू असतानाच नियम बदलून जे प्रोजेक्ट स्वतः हो म्हणतील तेवढेच धरायचे असं ठरलं. आता इंजिनिअरिंगच्या पोराचं कॅलेंडर बघा, ऑक्टोबरात इश्यू घेतला, मग दिवाळी, मग सेमिस्टरचे पेपर, त्यातून सुटला तर जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा. तिकडं जर्मनीत बसलेल्या मेंटेनरला ह्यातलं काय माहीत, त्याला एवढंच दिसतं की नाव लावलेला माणूस गायब आहे. जत्रेत सातही नंदीध्वजांचे (मिरवणुकीतल्या उंच काठ्यांचे) मान आधीच ठरलेले असतात, कुठली काठी कुणाची हे विचारावं लागत नाही, इथं मात्र प्रत्येक इश्यूला नव्यानं विचारावं लागतं.

नाव काढणं हेच ह्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. असाइन करताना सगळे खूश असतात, काढताना मेंटेनरला वाटतं पोरगं दुखावेल आणि पोराला लाज वाटते की आता काय तोंड दाखवू, म्हणून दोघंही गप्प, आणि इश्यू तसाच लटकलेला. बरे मेंटेनर आधीच लिहून ठेवतात की दोन आठवडे काही कळलं नाही तर नाव निघेल, आणि काढायच्या आधी एकदा "चालू आहे का, मदत पाहिजे का" विचारतात. असं लिहिलेलं असलं की काढणाऱ्यावर राग येत नाही, नियमावर येतो.

भाषांतराच्या कामात हा त्रास कमी, कारण तिथं काम वाक्यावाक्यांत तुटलेलं असतं. मोझिलाच्या पोंटूनवर (भाषांतराची साइट) मराठी करायला बसलात तर चार वाक्यं सुचवून उठा, पाचवं कुणीही करेल.

कोडमध्ये तसं तुटत नाही, म्हणून अर्धवट असलं तरी ड्राफ्ट पुल रिक्वेस्ट टाकून ठेवायचा आणि खाली लिहायचं, "पेपर आहेत, मला नाही जमणार, कुणी घ्या." पुढचा माणूस तिथनं उचलतो, आणि कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) को-ऑथर्ड-बायची ओळ टाकली की गिटहबवर दोघांचीही नावं दिसतात.